पिकल्या केसांचा रंग

मनुष्यदेहात वार्धक्य कोणत्या वाटेने शिरते, याचा विचार आपल्या पूर्वजांनी पुष्कळ केलेला दिसतो. ते दृष्टीतून येते, दातांतून येते, गुडघ्यांतून येते. पण त्याची पहिली वर्दी मिळते ती केसांतून. कालिदासाने रघुवंशाच्या बाराव्या सर्गारंभी दशरथाच्या कानाशी पांढरा केस आणून बसवला आहे आणि त्या निमित्ताने जराच राजाच्या कानात राज्य रामाकडे सोपविण्याची गोष्ट बोलते, अशी कल्पना केली आहे. जातककथांतील मखादेव राजाने तर आपल्या न्हाव्याला सांगूनच ठेवले होते, की पहिला पांढरा केस दिसताच मला दाखव. तो दिसला तेव्हा राजाने न्हाव्याला एक गाव इनाम दिले आणि स्वतः संन्यास घेतला. आम्हां सामान्य माणसांपाशी सोपवण्यासारखे राज्य नसते आणि अरण्याची ओढही नसते. आम्ही माळ्यावरची लोखंडी कढई खाली काढतो.

कढई काढणारे आम्हीच पहिले, असे मात्र कोणी समजू नये. सहाव्या शतकातील वराहमिहिराने, ज्याला आपण ग्रहताऱ्यांचा पंडित म्हणून ओळखतो, आपल्या बृहत्संहितेतील गंधयुक्तीच्या प्रकरणाची सुरुवातच मुळी केस काळे करण्याच्या कृतीने केली आहे. डोके पांढरे झाले की माळा, सुगंध, वस्त्रे आणि दागिने यांना शोभा उरत नाही, असे त्याचे म्हणणे. म्हणून कोद्रूचे दाणे आंबट द्रवात लोखंडी भांड्यात शिजवावे, लोहचूर्णासह बारीक वाटावे, केसांवर त्याचा लेप द्यावा, वर ओली पाने बांधावी; दोन प्रहरांनी तो धुऊन आवळ्याचा लेप द्यावा आणि पुन्हा तितकाच वेळ पाने बांधून बसावे. ही कृती वाचताना आम्हांस प्रथम हसू आले आणि मग आश्चर्य वाटले. कारण पेडणे महालातील मांद्रे गावी, आमच्या घराच्या मागील पडवीत, बृहत्संहितेचे नावही न ऐकलेल्या बायका लोखंड, आंबट, आवळा आणि डोक्यावर बांधलेले केळीचे पान ही चारही साधने घेऊन बसत असत. ग्रंथ एका वाटेने गेला आणि विद्या दुसऱ्या वाटेने आली. या दुसऱ्या वाटेवर लिहिणारे कोणी नव्हते. सावंतवाडी, बांदे, वेंगुर्ले या बाजूंनी तेरेखोलची नदी ओलांडून आलेल्या सुना ती विद्या हातांतून घेऊन आल्या.

त्या विद्येचे पहिले अंग म्हणजे माका. श्रावण-भाद्रपदात शेताच्या मेरेवर, ओहोळाच्या काठी, पाणी मुरते अशा प्रत्येक जागी तो उगवतो. पांढऱ्या बारीक फुलांचा माका खरा. पिवळ्या फुलांचा निराळा. ओळख पटवायची तर देठ चुरगळावा. क्षणभरात बोटे काळसर होतात. शेतावरून येणाऱ्या बाईच्या डोक्यावरील भाऱ्यात गवताबरोबर माक्याची जुडी असे, तिचा रस काढून खोबरेल तेलात घालीत आणि ते मंद आचेवर ठेवीत. तेल सिद्ध झाले हे ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या होत्या. पाण्याचा अंश आहे तोवर ते तडतडते; तो आवाज थांबला आणि तळाचा गाळ बोटांत धरून वळला असता त्याची वात होऊ लागली, की कढई उतरवायची. हीच परीक्षा आयुर्वेदाच्या ग्रंथांत स्नेहपाकाच्या प्रकरणी सांगितली आहे. या तेलाने डोके थंड राही, केस मऊ राहत. परंतु एकदा पिकलेला केस माक्याच्या तेलाने मुळापासून पुन्हा काळा होतो, असे मानण्यास आधार नाही. त्वचेखाली रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी एकदा थकल्या, की केस रंगाविनाच बाहेर येतो. बाहेर आलेला केस हा निर्जीव तंतू असतो. त्याला बाहेरून रंगवता येते, आतून समजावता येत नाही.

रंगवण्याचे खरे काम मेंदीचे. आमच्या परसाला पूर्वी मेंदीचे कुंपण होते. दसऱ्यानंतर पाऊस ओसरला की फांद्या छाटीत, पाने सावलीत सुकवीत (उन्हात नव्हे, उन्हाने गुण उडतो अशी सक्त ताकीद असे), पाट्यावर वाटून वस्त्रगाळ करीत. आदल्या रात्री ही पूड लोखंडी कढईत चहाच्या अर्कात भिजवायची, तीत आवळकाठीची पूड आणि लिंबाचा रस घालायचा. सकाळी कढईच्या कडेने काळी रेघ उमटलेली असे. ती रेघ दिसली की आजी म्हणे, ‘लागली.’

काय लागले, ते आम्हांस पुष्कळ वर्षांनी समजले. मेंदीच्या वाळलेल्या पानांत शेकडा एक-दोन भाग लॉसोन नावाचे नारिंगी द्रव्य असते. आंबट पाण्यात ते सावकाश मोकळे होते आणि केसांतील केराटिन या प्रथिनाला जाऊन चिकटते. केसाचा मूळ रंग ते काढून टाकीत नाही. त्याच्यावर आपला रंग चढवते. म्हणून काळ्या केसावर ती केवळ तांबूस झाक देते आणि पांढरा केस मात्र निखाऱ्यासारखा पेटतो. आवळ्यातील टॅनिन आणि कढईतील लोखंड यांचा संयोग होऊन काळे द्रव्य बनते. ते मेंदीच्या नारिंगी रंगाला गडद करून तपकिरीकडे ओढते. हा संयोग आमच्या घराण्यांना अपरिचित नाही. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई याच जातीची. युरोपात मायफळ आणि लोहक्षार यांची जी शाई शतकानुशतके वापरली गेली, तीही तीच. तुळईखालच्या कपाटात आमच्या पणजोबांच्या हाताच्या ज्या पोथ्या आहेत, त्यांतील अक्षरे आणि पणजीच्या नातसुनांचे केस एकाच रसायनाने काळे झाले असावेत, हा विचार आम्हांस सुखावतो. पुरुषांनी त्या काळ्या रंगाने लिहिले, म्हणून तो कपाटात जपला गेला. बायकांनी तो डोक्यावर घेतला आणि न्हाणीत धुऊन टाकला.

पूर्ण काळेपणासाठी नीळ लागते. निळीच्या पानांतही रंग तयार नसतो. त्याचे बीज असते. पूड कोमट पाण्यात कालवली की दहा-पंधरा मिनिटांत ते जागे होते आणि मग फार वेळ थांबत नाही, म्हणून लगेच लावावे लागते. आधी मेंदी, ती धुतल्यावर नीळ, असा क्रम. धुतल्यानंतर केस प्रथम हिरवट दिसतात आणि माणूस घाबरतो. पुढे हवेतील प्राणवायूने एक-दोन दिवसांत ते काळसर होतात. आमच्या पडवीत नीळ नव्हती. तिथला रंग तांबूस-तपकिरीवरच थांबे. पण गोव्याला नीळ अनोळखी नव्हती. १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ऑर्ता यांच्या औषधीविषयक संवादग्रंथात निळीचाही विचार आहे आणि हिरड्या-आवळ्यांचाही. तो वैद्य ज्या वस्तूंविषयी पोर्तुगीजांना सांगत होता, त्या वस्तू आमच्या बायकांच्या डब्यांत होत्या.

महिन्यातून एकदा, बहुधा रविवारी, मागील पडवीत पाट मांडले जात. केस महिन्याला सुमारे सव्वा सेंटिमीटर वाढतो, हे पुस्तकात वाचण्याआधी आम्हांस ठाऊक होते. कारण चौथ्या रविवारी काकीच्या भांगाशी पांढरी रेघ नेमकी परत आलेली असे. आई, काकी, शेजारच्या वयनी अशा ओळीने बसत. डोक्यावर हिरवी केळीची पाने, वर जुन्या लुगड्याचा फाळका. चार-पाच तास त्यांना स्वयंपाकघरात जाता येत नसे. त्या दिवशी पेज आणि सुके मासे यांवर घर भागवावे लागे, आणि पुरुषमंडळींपैकी कोणी तक्रार केल्यास पडवीतून एकदम तीन आवाज येत. वर्षातील इतर कोणत्याही दिवशी या स्त्रियांना इतका वेळ एका जागी बसलेले आम्ही पाहिले नाही. केस रंगवणे हे निमित्त होते की हेतू, हे आज ठरवता येणार नाही.

रंगवण्याला त्या ‘रंगवणे’ म्हणत नसत. ‘मेंदी थंड असते’, ‘डोळ्यांना बरी’, ‘उष्णता ओढून घेते’, असे म्हणत. सुश्रुताने पालित्याची कारणे सांगताना क्रोध, शोक आणि श्रम यांनी वाढलेली उष्णता डोक्यात जाते, असे म्हटले आहे. तेव्हा या म्हणण्याला शास्त्राचा पाठिंबा नव्हता असेही नाही. पण मुख्य गोष्ट वेगळी होती. काळ्या बाटलीतील रंग हा रंगच असतो. त्याला दुसरे नाव देता येत नाही. झाडाचे पान मात्र औषधही असते आणि शृंगारही. कोणी विचारले तर काय सांगायचे, ते लावणारीच्या हाती राहते. या दुहेरीपणाचे मोल आम्हांस माईमुळे कळले.

माई म्हणजे आमच्या थोरल्या काकांची पत्नी. १९७६ साली काका अकस्मात गेले, तेव्हा तिला पंचेचाळिसावे चालू होते. पुढच्या महिन्यात पडवीत पाट मांडले गेले, तेव्हा एक पाट कमी होता. तो कोणी कमी केला नव्हता. माईला कोणी काही सांगितले नव्हते. ती स्वयंपाकघरात भात रांधीत होती आणि पडवीतील बोलणे खालच्या आवाजात चालले होते. त्यानंतर दोन वर्षे तिच्या भांगाची रेघ रुंद होत गेली. खाली जुन्या मेंदीचा तांबडा भाग, वर पांढरा, आणि दोहोंच्या मध्ये एक सरळ सीमा. त्या सीमेवरून काका जाऊन किती महिने झाले ते कोणालाही मोजता आले असते.

आमच्या घराण्यांत केसांचा प्रश्न कधीच केवळ केसांचा नव्हता. आजीच्या सासूबाई सोवळ्या होत्या. तांबडे आलवण नेसून त्या चाळीस वर्षे या घरात वावरल्या, हे आम्ही ऐकून आहोत. महाराष्ट्रात या प्रथेविरुद्ध आगरकरांनी लिहिले; १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनीच विधवांच्या केसांना वस्तरा न लावण्याचा निर्धार केला. जे शास्त्र्यांनी करायला हवे होते, ते वस्तरा धरणाऱ्या हातांनी केले. पेडणे, डिचोली हे नव्या काबिजादींतले मुलूख. पोर्तुगीज सत्तेने येथील रीतिरिवाजांत जुन्या काबिजादींइतका हात घातला नाही, याचा आपण अभिमान बाळगतो आणि तो योग्यही आहे. पण देवळे टिकली तेव्हा त्यांच्याबरोबर आलवणही टिकले, हेही त्याच वाक्यात म्हटले पाहिजे. आजी स्वतः चाळिसाव्या वर्षी विधवा झाली. तोवर काळ बदलला होता. तिचे केस राहिले. मात्र रंग, फूल, कुंकू यांपैकी काही राहिले नाही. इतरांसाठी मेंदी कालवणारी आजी स्वतः त्या पाटांच्या ओळीत कधी बसली नव्हती.

१९७८ च्या मार्गशीर्षातील एका रविवारी तिने पाट मांडले ते नेहमीपेक्षा एक अधिक. मग स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणाली, ‘माई, भात उतरव आणि ये.’

माई म्हणाली, ‘मला आता कशाला, सासूबाई?’

‘डोके दुखते म्हणत होतीस ना? मेंदी थंड असते.’

माई उभीच राहिली. तेव्हा आजी हळू आवाजात बोलली, पण आम्ही ओसरीच्या उंबऱ्यावर होतो, आम्हांस ऐकू आले. ‘केस तुझे आहेत, बाये. ते काही त्याच्याबरोबर गेले नाहीत.’

माई येऊन बसली. आजीने स्वतःच्या हाताने तिच्या डोक्यावर लेप दिला. फार वेळ कोणी बोलले नाही. पुढे एकदा आजीपाशी आम्ही हा विषय काढला, तेव्हा तिने इतकेच सांगितले: ‘सासूबाईंना शेवटची तीन वर्षे मी न्हाऊ घालीत असे. ते डोके माझ्या हातांना ठाऊक आहे.’

गावात बोलणे झाले नाही असे नाही. देवळात एक-दोघींनी माईच्या डोक्याकडे पाहून भुवया उंचावल्या. त्यांना आजीचे उत्तर तयार होते: वैद्याने सांगितले आहे. कोणत्या वैद्याने, हे कोणी विचारले नाही, कारण पानाच्या औषधीपणावर शंका घेणे कोणालाच शक्य नव्हते. त्यांच्याही परसात तेच कुंपण होते. अशा रीतीने एका पानाच्या दोन नावांमधील फटीतून माई परत ओळीत आली. याहून अधिक काही बदलले, असे सांगून आम्ही वाचकांस खोटा दिलासा देणार नाही. चैत्रातील हळदीकुंकवाचे बोलावणे तिला पुढेही आले नाही. मेंदी चालली, कुंकू चालले नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींपुढे त्याचा आदर्श ठेवला. हे आजीच्या त्या रविवारानंतर त्रेचाळीस वर्षांहून अधिक काळाने.

माईने पुढे तेवीस वर्षे मेंदी लावली. सत्तरी गाठल्यावर एका रविवारी तिने आपला पाट स्वतःच उचलून भिंतीशी लावला. ‘आता पुरे,’ ती म्हणाली, ‘आता मला माझे पांढरे डोके बघायचे आहे.’ आजी तोवर राहिली नव्हती. सुनांनी आग्रह केला, पण ती हसून मोगऱ्याला पाणी घालायला निघून गेली. पुन्हा तीच रेघ, तीच सीमा, खाली तांबडे, वर पांढरे. दोन्ही वेळा केस पांढरेच झाले. पहिल्या वेळी पाहणाऱ्याला तिच्या नवऱ्याविषयी कळत होते. दुसऱ्या वेळी तिच्याविषयी. काळा रंग चांगला की पांढरा, या वादात आम्हांस फारसा रस नाही, तो या कारणाने. रंग कोणता, यापेक्षा तो कोणी ठरवला, हा प्रश्न आम्हांस मोठा वाटतो.

आज आमच्या परसाला मेंदीचे कुंपण नाही. चिऱ्यांचा गडगा आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मेंदीचे पाकीट येते आणि त्यावर राजस्थानातील सोजतचे नाव असते. तेथील कोरड्या हवेत वाढलेल्या पानांना रंग अधिक असतो. २०२१ मध्ये सोजतच्या मेंदीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, तेव्हा त्या पाकिटाविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘काळी मेंदी’ या नावाविषयी. काळा रंग देणारी मेंदी निसर्गात नाही. अर्ध्या तासात केस कुळकुळीत करणाऱ्या पुडीत बहुधा पॅराफेनिलीनडायअमीन हे द्रव्य असते. १९०७ साली युजेन श्युलेर या फ्रेंच रसायनज्ञाने कृत्रिम केसरंग बाजारात आणले, तेव्हापासून या कुळातील रंगांनी जग व्यापले. ते सर्वांनाच बाधतात असे नव्हे. पण ज्यांना बाधतात त्यांची कातडी सुजते, फोड येतात, आणि एकदा वावडे जडले की ते जन्मभर राहते. युरोपीय संघाने केसरंगात त्याचे प्रमाण शेकडा दोन भागांपर्यंत मर्यादित ठेवले आहे आणि त्वचेवर नक्षी काढण्यास त्याची मुळीच परवानगी नाही. तरी किनाऱ्यांवर पर्यटकांच्या दंडावर काळी नक्षी काढून देणारे भेटतातच. म्हणून पाकिटामागील बारीक अक्षरे वाचावी, कानामागे थोडा लेप लावून दोन दिवस वाट पाहावी, आणि शुद्ध मेंदीसुद्धा तान्ह्या मुलांना लावू नये. काही मुलांच्या रक्तात जन्मजात जी एक उणीव असते, तिच्यामुळे त्यांना ती घातक ठरते.

आमचे स्वतःचे केस पंचेचाळिशीत पिकू लागले. देवळाच्या उत्सवातील नाटकात तरुण नायकाची भूमिका सोडवेना, म्हणून काही वर्षे आम्हीही पाटावर बसलो. नाटक सुटले तसा पाटही सुटला. माईची कढई मात्र आमच्याकडे आहे. तिला गंज धरू नये म्हणून वर्षातून दोनदा तेल लावून ठेवतो. थोरली सून मुंबईची. तिने गेल्या हिवाळ्यात ती मागून घेतली, आवळकाठी कोठे मिळेल ते विचारले, आणि सकाळी कडेची काळी रेघ पाहून आम्हांस बोलावले. ‘लागली’ हा शब्द आम्ही तिला सांगितला.

येत्या मृगात गडग्याच्या आतल्या बाजूने मेंदीच्या फांद्या लावायचे ठरले आहे. ओल्या फांद्या वीतभर कापून तिरक्या खोचाव्या, म्हणजे त्या रुजतात. छाटण्याजोगे कुंपण व्हायला दोन-तीन वर्षे लागतील.